पाकिटाच्या बाहेरचं

पानिपतचा निकाल नानासाहेब पेशव्यांना कळला तो दुसऱ्याचं पत्र फोडून. ग्रँट डफनं मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग दिला आहे. १७६१चा जानेवारी. पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले, नर्मदेच्या आसपास पोचलेले. पानिपतहून औरंगाबादेला नऊ दिवसांत पत्र पोचवायच्या बोलीवर सुटलेला सावकारांचा कासीद वाटेत त्यांच्या हाती लागला आणि त्याच्याजवळचा कागद उघडला गेला. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबात लिहिलेला तो मजकूर मराठी शाळेत शिकलेल्यांना ठाऊक आहे. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हेही ठाऊक आहे. ते पत्र पेशव्यांना लिहिलेलं नव्हतं, हे मात्र वर्गात कुणी बोलत नाही. एका पेढीनं दुसऱ्या पेढीला कळवलेली ती खबर होती. वाटेत कुणीतरी हे उघडणार, हे लिहिणारा धरूनच चालला होता. म्हणून तर त्यानं माणसांची नावं टाळून नाण्यांची भाषा वापरली.

माझी सगळी नोकरी टपालखात्यात गेली. सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका सब पोस्ट ऑफिसात क्लार्क म्हणून लागले आणि पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. खासगीपणाबद्दल आज जे बोललं जातं, फोन आपल्यावर पाळत ठेवतो, कंपन्या आपली माहिती गोळा करतात, ते ऐकताना मला आमचं सॉर्टिंगचं टेबल आठवतं. कारण माणसाचं गुपित काढायला पाकीट फोडावं लागत नाही, हे मी त्या टेबलावर शिकले.

सकाळी कराडहून एसटीनं थैली यायची. तोंडाला सुतळी, लेबल आणि लाखेचं सील. सील शाबूत आहे ना ते पाहायचं, थैली कापायची, टपाल टेबलावर ओतायचं, शिक्के मारायचे आणि बीटप्रमाणे गठ्ठे लावायचे. हात चालत असतात आणि डोळे बघत असतात. डोळे मिटून सॉर्टिंग होत नाही. मिरजेच्या इस्पितळाचं छापील पाकीट कुठल्या घरी दर महिन्याला जातं, ते कळायचं. येरवड्याचा शिक्का असलेलं कार्ड कुणाच्या नावावर येतं, ते कळायचं. वकिलाची रजिस्टर नोटीस पोचपावतीच्या कार्डासह आली, की अमक्याच्या घरी आता वाटणीचा दावा उभा राहणार किंवा अमकीला नवरा सोडणार, हे त्या घराच्या आधी आम्हाला समजायचं. मुंबईहून येणारी मनीऑर्डर एखाद्या महिन्यात आली नाही, की गिरणीत किंवा गोदीत काहीतरी बिनसलं आहे हे ओळखावं. दोन वर्षं एकाच अक्षरात पाकिटं येत राहिली आणि मग थांबली, तर त्याचाही अर्थ लागायचा. आत काय लिहिलं होतं, ते आम्ही कधी पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

माझ्या आधीच्या पिढीतले एक पोस्टमन होते. रोज दहाबारा मैल पायी बटवडा करायचे. त्यांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं की टपाल वाचायचं तर नाहीच, पण न वाचता जे कळतं तेही या दाराबाहेर न्यायचं नाही. हा नियम कुठल्या मॅन्युअलात नव्हता. मॅन्युअलात आतल्या मजकुराचं रक्षण होतं, बाहेरच्या बाजूचं रक्षण केवळ माणसांच्या वागण्यावर उभं होतं.

आतल्या मजकुराचं रक्षण करणारा कायदा होता १८९८चा. इंडियन पोस्ट ऑफिस अ‍ॅक्ट, त्या वर्षीचा सहाव्या क्रमांकाचा कायदा. त्याच्या आधीचे दोन क्रमांक पाहण्यासारखे आहेत. पाचवा म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता. चौथा म्हणजे दंडसंहितेतली दुरुस्ती. तिनं राजद्रोहाचं १२४-अ कलम आणखी रुंद केलं. आदल्याच वर्षी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती आणि टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली होती. सरकार घाबरलेलं होतं आणि त्या घबराटीच्या हवेतच टपालाचा कायदा लिहिला गेला. तो वाचताना दोन सूर ऐकू येतात. कलम ५३ सांगतं की टपाल कर्मचाऱ्यानं कुणाचं पत्र उघडलं, अडवलं किंवा मुद्दाम उशिरा दिलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद. कलम ५२ चोरीला, लपवण्याला आणि नष्ट करण्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवतं. आणि कलम २६ सांगतं की सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी सरकारच्या हुकमावरून कुठलंही टपाल अडवता येईल. म्हणजे नोकरानं उघडलं तर गुन्हा आणि मालकानं उघडलं तर राज्यकारभार.

तरीही त्या कायद्यातली एक तरतूद मला मनापासून आवडायची. ज्या पत्राचा मालक सापडत नाही आणि पाठवणाऱ्याचाही पत्ता बाहेर नाही, ते शेवटी आरएलओला जायचं, म्हणजे परत-पत्र कार्यालयाला. पूर्वी त्याला डेड लेटर ऑफिस म्हणत. तिथं पत्र उघडायलाच लागे, त्याशिवाय ते कुणाकडे परत करायचं हे कळणार कसं? पण उघडणारा अधिकारी त्या कामासाठी नेमलेला असला पाहिजे आणि गुप्ततेनं बांधलेला असला पाहिजे, असं कायदा म्हणे. कोण उघडणार, कशासाठी उघडणार आणि उघडल्यावर त्याच्यावर कोणतं बंधन राहणार, या तिन्हींची उत्तरं त्यात होती. आज माझ्या फोनमधलं एखादं अ‍ॅप माझी संपर्कयादी वाचतं, तेव्हा यातल्या एकाचंही धड उत्तर मिळत नाही.

पण जुन्या काळाचं गोडवे गाणारं चित्र मी रंगवणार नाही. खासगीपणा सगळ्यांना सारखा मिळत नव्हता. कायद्यानुसार पत्र पत्त्यावरच्या घरी दिलं की ते मालकाला मिळालं असं धरलं जायचं. म्हणजे आमचं संरक्षण उंबऱ्याशी संपायचं. सुनेच्या नावाचं पाकीट सासऱ्याच्या हातात पडलं, की ते ओसरीवर फोडलं जाई आणि मोठ्यानं वाचलं जाई. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बहुतेक घरांतून पुरुष मुंबईला, कुणी गिरणीत तर कुणी माथाडी. नवऱ्याला पत्र लिहायचं तर बाईला लिहिता येत नसे. मग ती सांगणार आणि शाळेतला पोरगा किंवा पोस्टमन लिहिणार, शेजारी सासू बसलेली. अशा पत्रात बाई काय सांगणार? पाऊस, गुरं, सगळे खुशाल. नवऱ्याचं उत्तरही मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळींत यायचं आणि तेही पोस्टमनच वाचून दाखवायचा.

बायका वाट काढायच्या. मी खिडकीवर बसू लागले तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. काहीजणी माहेरच्यांना सांगायच्या, पत्र शाळेतल्या बाईंच्या पत्त्यावर टाका. काहीजणी बाजाराच्या दिवशी खिडकीशी येऊन हळूच विचारायच्या, माझं काही आलंय का, आलं तर घरी धाडू नका, मी येऊन नेईन. पोस्टात पत्र ठेवून घेण्याची सोय नियमात होती, ‘पोस्ट रेस्तां’ म्हणतात तिला. शहरातल्या प्रवाशांसाठी केलेली ती सोय आमच्याकडे सासुरवाशिणींनी वापरली. एका मुलीला नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र यायचं होतं आणि घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. तिचं पाकीट आम्ही खिडकीवरच दिलं. ते घरी गेलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला नको. ज्यांना चोरून काही करायचं असतं त्यांनाच खासगीपणा लागतो, असं कुणी म्हणालं की मला ती मुलगी आठवते आणि राग येतो. ज्याच्या हातात सत्ता नाही त्याला खासगीपणा सगळ्यात आधी लागतो.

मुंबईत जीपीओसमोर पत्रलेखक बसायचे. विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारी, जॉन बेगनं बांधलेली ती १९१३ची इमारत आणि तिच्यासमोर ताडपत्रीखाली लाकडी मेजं मांडून बसलेली ही माणसं. परप्रांतातून आलेले मजूर, कामाठीपुऱ्यातल्या बायका त्यांच्याकडून पत्रं लिहून घेत. गावी पाठवायच्या पत्रात, मी चांगल्या नोकरीत आहे, असं लिहायला सांगणारी बाई प्रत्यक्षात काय करते, हे त्या लेखकाला माहीत असे. ते त्याच्यापाशीच राहत असे.

आमच्या भागातून फौजेत जाणारे खूप. जवानाला पत्र लिहायचं तर पत्ता असा: नंबर, नाव, युनिट, ‘मार्फत ५६ एपीओ’. गाव नाही, राज्य नाही. पूर्वेकडच्या फौजेसाठी ९९ एपीओ. मुलगा लडाखमध्ये आहे की राजस्थानात, हे त्याच्या आईलाही पाकिटावरून कळत नसे आणि आम्हालाही नाही. पत्र दिल्लीच्या किंवा कलकत्त्याच्या तळ-टपालघरात जाई आणि पुढचा रस्ता फौजेचं टपालखातं जाणे. पाकिटाच्या बाहेरच्या बाजूवरून किती कळतं हे फौजेनं नेमकं ओळखलं होतं आणि म्हणून ती बाजूच कोरी ठेवली होती. माझ्या मते आपल्या देशात खासगीपणासाठी इतक्या विचारपूर्वक केलेली दुसरी व्यवस्था नाही.

आता त्याच्या शेजारी २०१८ची गोष्ट ठेवा. ‘स्ट्राव्हा’ नावाचं एक अ‍ॅप आहे, धावणाऱ्यांचं आणि सायकल चालवणाऱ्यांचं. वापरणारे कुठून कुठे धावले, ते सगळं एकत्र करून त्या कंपनीनं जगाचा एक उजळ नकाशा प्रसिद्ध केला होता. नावं नव्हती, कुणाचाही मजकूर नव्हता. जानेवारी २०१८मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की सीरिया आणि अफगाणिस्तानच्या ओसाड काळोखात काही ठिकाणी छोट्या चौकोनी रेषा चमकताहेत. ते लष्करी तळ होते. सैनिक सकाळी व्यायामाला धावत होते आणि मनगटावरचं यंत्र ती वाट नोंदवत होतं. कुणीही पाकीट फोडलं नव्हतं.

सैनिकांची पत्रं फोडण्याचाही इतिहास आहेच. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या पत्रांसाठी वेगळं सेन्सॉर कार्यालय होतं. पत्रांतले उतारे भाषांतरून वरिष्ठांना अहवाल जात. आपली पत्रं वाचली जातात हे शिपायांनाही समजलं होतं. त्यांनी गोऱ्या आणि काळ्या फौजेसाठी लाल मिरची आणि काळी मिरी अशी नावं घेतली आणि कुठली मिरची संपत आली ते गावी कळवलं. सेन्सॉरलाही ते उमगलं. त्या शिपायांची मूळ पत्रं बहुतांशी नाहीशी झाली, उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि अभ्यासक ते वाचतात. मीही छापील पुस्तकातून वाचले आहेत. वाचताना संकोच वाटतो, तरी वाचते.

स्वातंत्र्य आलं तेव्हा हे सगळं बदलायची एक संधी होती. १९४७मध्ये संविधान सभेच्या मूलभूत हक्कांच्या उपसमितीनं पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क मसुद्यात घातला होता. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांच्यासारख्यांनी तपासकामात अडथळा येईल म्हणून विरोध केला आणि तो वगळला गेला. सोमनाथ लाहिरी यांनी एप्रिल १९४७मध्ये सभेत तो परत आणायचा प्रयत्न केला. डिसेंबर १९४८मध्ये आपल्या बाजूचे, मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली की माणसाचं अंग, घर आणि कागदपत्रं यांची विनाकारण झडती होता कामा नये. डॉ. आंबेडकर ती स्वीकारायला तयार होते. तसं ते सभेत बोलले. पण मतदानाच्या वेळी गोंधळ झाला आणि शेवटी दुरुस्ती फेटाळली गेली. करीमुद्दीन यांचं नाव आज त्यांच्या स्वतःच्या मुलखातही फारसं कुणाला आठवत नाही.

त्या रिकाम्या जागेची किंमत १९६२मध्ये दिसली. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंगवर पोलिसांनी पाळत ठेवली होती. तो कुठं जातो याची नोंद, रात्री-अपरात्री दार ठोठावणं. दरोड्याच्या आरोपातून तो सुटलेला होता, तरीही. सर्वोच्च न्यायालयानं रात्रीच्या धाडी बेकायदा ठरवल्या, पण माणसाच्या हालचालींची नोंद ठेवायला हरकत नाही म्हटलं, कारण खासगीपणाचा हक्क संविधानात लिहिलेला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. ते मत बरोबर होतं, हे मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आधारच्या विरोधात न्यायालयात गेलेले कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या नावानं तो निकाल ओळखला जातो.

मधल्या काळातली एक आठवण आमच्या खात्यातली. १९८६मध्ये टपाल कायद्यात दुरुस्ती करून सरकारचे पत्रं अडवण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. विधेयक तसंच पडून राहिलं आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही. आम्हा टपालवाल्यांना त्या वेळी त्यांचा फार आधार वाटला होता.

पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला खरी किंमत आली ती संगणकामुळे. जून २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी दिलेल्या कागदांवरची पहिली बातमी एका फोन कंपनीच्या नोंदींची होती. कुणी कुणाला फोन केला, कधी केला, किती वेळ बोलले, हे सगळं अमेरिकी सरकार रोज घेत होतं. बोलणं आम्ही ऐकत नाही, असं त्यांनी सांगितलं. सॉर्टिंगच्या टेबलावर बसलेल्या कुणालाही विचारा, बोलणं ऐकायची गरजच कुठे होती? त्याच सुमारास हेही बाहेर आलं की अमेरिकेच्या टपालखात्यात प्रत्येक टपालाच्या बाहेरच्या बाजूचा फोटो काढला जातो.

माझ्या टेबलावरून रोज काहीशे पाकिटं जायची आणि त्यातलं बरंचसं संध्याकाळपर्यंत मी विसरायची. विसरणं हे त्या व्यवस्थेतलं मोठं संरक्षण होतं. आताची यंत्रं विसरत नाहीत आणि एकमेकांशी बोलतात. औषधाच्या दुकानात दिलेला मोबाइल नंबर, नकाशावर शोधलेला दवाखाना, रात्री दोन वाजता उघडलेला फोन, हे तीन वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे एका नंबरावर जुळवले की त्या घरात कोण आजारी आहे ते उमगतं. मिरजेचं पाकीट पाहून मला जे कळायचं ते आता माझ्याबद्दल अशा कुणाला कळतं ज्याला मी कधी पाहणार नाही, आणि ते तो विकतो.

पिनकोड आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, संस्कृतचे मोठे पंडित आणि टपालखात्यातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला. सहा आकडे, पहिल्यावरून विभाग, शेवटच्या तिहींवरून बटवडा करणारं पोस्ट. तिथं आकडा थांबतो. पुढचं घर पोस्टमन जाणतो. आकड्यानं कुठवर जायचं याची एक मर्यादा त्या रचनेत होती, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. माझ्या फोनला मी कुठल्या खोलीत झोपते तेही कळू शकतं. म्हणून फोनमधल्या प्रत्येक अ‍ॅपची ठिकाणाची परवानगी मी बंद केली आहे, नकाशाची सोडून, आणि तीही वापरतानाच. दुकानात नंबर मागतात तेव्हा देत नाही. बिल नंबरशिवाय निघतं. गावातल्या मुलींना मी हे शिकवते, कारण आता ओसरीवर पाकीट फोडणारा सासरा नसला तरी नवरा फोनचा पासवर्ड मागतो आणि बायको कुठं आहे ते नकाशावर पाहत बसतो.

पण एकेकट्यानं सेटिंग बदलून हे भागणारं नाही. १८९८चा कायदा आता गेला. २०२३चा नवा पोस्ट ऑफिस कायदा १८ जून २०२४पासून लागू झाला. टपाल अडवण्याचा सरकारचा अधिकार त्यात आहे. पत्र उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा सांगणारं जुनं कलम ५३ मात्र त्यात नाही. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं. कलम ५३ परत आलं पाहिजे, आणि ते पत्रापुरतं न राहता फोनच्या नोंदी आणि ठिकाणांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाला लागू झालं पाहिजे. आणि ज्याच्यावर पाळत ठेवली गेली त्याला काम संपल्यावर तरी ते कळवलं गेलं पाहिजे. आज आपल्याकडे फोन ऐकण्याचा हुकूम तपासणारी समिती आहे, पण ज्याचा फोन ऐकला त्याला कळवायची सक्ती कुणावर नाही. आमच्या ऑफिसात वाटेत फाटलेलं पाकीट आलं, तर ते चिकटवून, ‘फाटक्या स्थितीत मिळाले’ असा शेरा मारून, खाली सही आणि तारीख घालूनच बटवड्याला द्यायचो.